कड्याच्या कपारीतील प्राचीन घरे पाहताना

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. त्या प्रदेशातील उभ्या कड्यांच्या कपारींत दगड, माती आणि लाकूड यांनी बांधलेली, सात-आठ शतकांपूर्वीची घरे आजही टिकून आहेत. ग्रँड कॅन्यन पाहण्याच्या निमित्ताने या बाजूला येणारे पर्यटक, ज्यांत उन्हाळ्यात मुलांकडे राहायला गेलेले मराठी आईवडीलही पुष्कळ असतात, बहुधा एखादा दिवस या घरांसाठी राखून ठेवतात. तो दिवस अनेकदा मोटारीतून उतरणे, कठड्यापाशी उभे राहून छायाचित्र काढणे आणि पुढच्या ठिकाणाकडे निघणे यातच सरतो, कारण आत जाण्यासाठी तिकीट आधी काढावे लागते हे ठाऊक नसते आणि समोर दिसणाऱ्या भिंतींत नेमके काय पाहावे हेही कोणी सांगितलेले नसते. या दोन्ही गोष्टींची तयारी घरूनच करता येते, आणि ती केली तर थोडीच ठिकाणे पाहूनही प्रवास सार्थकी लागतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळची लेणी असतात, म्हणून प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. लेणे हे अखंड खडक आतून कोरून काढलेले असते, तर इथे कपार निसर्गाने घडवली असून माणसाने तिच्या छपराखाली भिंती रचून घरे बांधली आहेत. या घरांचा सर्वांत मोठा समूह ज्या मेसा व्हर्दे राष्ट्रीय उद्यानात आहे तिथे वरचा थर वालुकाश्माचा, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेल्या सच्छिद्र खडकाचा, आणि त्याखालचा थर शेलचा, म्हणजे चिखल थरांनी साचून झालेल्या, पाणी झिरपू न देणाऱ्या खडकाचा आहे. पठारावर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ वालुकाश्मातून खाली उतरते, शेलपाशी अडते आणि कड्याच्या तोंडाशी पाझरते. हिवाळ्यात हे पाणी गोठून फुगते, खडकाचे पापुद्रे सुटतात, आणि हजारो वर्षांत तिथे खोल कपार तयार होते. कपारीच्या मागच्या भिंतीशी पुष्कळदा झरा आढळतो तो याच कारणाने, म्हणजे ज्या पाण्याने निवारा घडवला तेच पाणी तिथे राहणाऱ्यांच्या पिण्यास मिळाले. दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या कपारीत हिवाळ्यातील कलते ऊन आतपर्यंत पोहोचते आणि उन्हाळ्यात वरचा छज्जा सावली धरतो, त्यामुळे जागेची निवड विचारपूर्वक झाली होती हे तिथे उभे राहताच पटते.

ही घरे बांधणारे लोक म्हणजे आजच्या प्वेब्लो समाजांचे पूर्वज होत. ‘प्वेब्लो’ हा मूळचा गाव या अर्थाचा स्पॅनिश शब्द असून होपी, झुनी, ॲकोमा, ताओस इत्यादी समाजांसाठी तो रूढ झाला आहे. जुन्या पुस्तकांत या पूर्वजांसाठी ‘अनासाझी’ असे नाव आढळते, पण वंशजांना ते मान्य नसल्यामुळे वाटाड्याशी बोलताना ‘प्वेब्लोंचे पूर्वज’ असेच म्हणावे. मेसा व्हर्देच्या पठारावर त्यांची वस्ती इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होती. आरंभी ते जमिनीत खड्डा खणून त्यावर लाकूड-मातीचे छप्पर घातलेल्या घरांत राहत, पुढे पठारावरच दगडी घरांची गावे उभी राहिली, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांतील अनेकांनी कपारींत घरे बांधण्यास सुरुवात केली. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची पिके होती, टर्की हा पक्षी ते पाळत, आणि कपारीत राहायला आल्यावरही शेती वरच्या पठारावरच होत असल्याने कड्यात हातापायांपुरत्या खोबण्या खोदून केलेल्या वाटांनी ये-जा चाले. कपारीतील वास्तव्य मात्र शंभर वर्षांहूनही कमी काळ टिकले, आणि १३०० च्या सुमारास हा सारा प्रदेश रिकामा झाला.

ते का गेले, हा प्रश्न प्रत्येक पर्यटक विचारतो. घरांच्या तुळयांवरून त्याचे अर्धे उत्तर मिळते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते, ओल्या वर्षी ते रुंद आणि कोरड्या वर्षी अरुंद असते, आणि वलयांच्या या क्रमावरून तुळई कोणत्या वर्षी तोडली ते ठरवता येते. या पद्धतीला वृक्षवलय-कालगणना म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी ती विकसित केली आणि १९२९ मध्ये ॲरिझोनातील शो लो या गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने त्यांच्या कालक्रमातील तुटलेला दुवा जुळला. त्याच वलयांवरून १२७६ ते १२९९ या काळात मोठा दुष्काळ पडला होता असे दिसते. तथापि केवळ दुष्काळाने गाव उठले असे अभ्यासक म्हणत नाहीत. जंगल आणि शिकार यांची झालेली झीज, गटागटांतील संघर्ष आणि दक्षिणेकडील नव्या वस्त्यांची ओढ हीही कारणे ते मांडतात. प्वेब्लो लोकांच्या मौखिक परंपरेत तर स्थलांतर हा संकटाचा शेवट नसून पूर्वजांनी ठरवून केलेल्या दीर्घ प्रवासाचा एक टप्पा आहे. ‘गूढरीत्या नाहीशी झालेली संस्कृती’ अशी जाहिरात जिथे दिसेल तिथे हे लक्षात ठेवावे, कारण त्या लोकांचे वंशज तिथून काही तासांच्या अंतरावर आजही राहतात, मका पेरतात आणि या कपारींना आपल्या पूर्वजांचे घर मानतात. या एका जाणिवेने भेटीचे सारे स्वरूप बदलते.

कोणते ठिकाण निवडावे हे वेळ, प्रकृती आणि ऋतू यांवर अवलंबून आहे. दोन दिवस हाताशी असतील तर मेसा व्हर्दे निवडावे, कारण तिथे सुमारे सहाशे कपारी-वस्त्या आहेत आणि त्यांतील काहींच्या आत रेंजरसोबत, म्हणजे उद्यानाच्या प्रशिक्षित रक्षकासोबत, जाता येते. गुडघे दुखत असतील किंवा चढ-उतार जमत नसेल तर ॲरिझोनातील माँटेझुमा कॅसल सोयीचे आहे. ही सुमारे वीस खोल्यांची पाच मजली इमारत सिनाग्वा नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी बांधली. तिच्या आत १९५१ पासून कोणालाच प्रवेश नाही, मात्र खालच्या सपाट, सावलीच्या वाटेवरून ती उत्तम दिसते (ॲझ्टेक सम्राट माँटेझुमाचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता, हे नाव पुढील काळातील वसाहतकारांच्या गैरसमजातून आले आहे). फ्लॅगस्टाफजवळच्या वॉलनट कॅन्यनमध्ये सुमारे १८५ फूट पायऱ्या उतरून खोल्यांच्या अगदी शेजारून चालता येते, पण तेवढेच परत चढायचे आहे याचा विचार उतरण्यापूर्वीच करावा. न्यू मेक्सिकोतील बँडेलियर इथला खडक ज्वालामुखीची राख घट्ट होऊन बनलेला आणि मऊ असल्यामुळे लोकांनी त्यात खोल्या कोरून पुढे दगडी बांधकाम जोडले आहे, आणि लेण्यांशी थोडेफार साम्य कुठे असेल तर ते इथेच आहे. उन्हाळ्यात दिवसाच्या बऱ्याच वेळी बँडेलियरला व्हाइट रॉक गावातून शटल बसनेच जावे लागते.

एका ठिकाणाबद्दल मात्र सावध करणे भाग आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ मॅनिटू इथे ‘कड्यातील घरे’ म्हणून जे दाखवले जाते त्यातील दगड कॉर्टेझ परिसरातील एका मूळ वस्तीतून विसाव्या शतकाच्या आरंभी उचलून आणून तिथे पुन्हा रचलेले आहेत. मुलांना भिंतींना हात लावू देण्यापुरती ती जागा ठीक आहे, परंतु ती मूळ वस्ती समजून मेसा व्हर्देचा बेत रद्द करणे ही मोठी हानी ठरेल.

मेसा व्हर्देच्या तयारीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. क्लिफ पॅलेस, बाल्कनी हाउस आणि लाँग हाउस या मुख्य वस्त्यांत रेंजरशिवाय प्रवेश नसतो. त्यांच्या फेऱ्या साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच चालतात आणि तिकिटे केंद्र सरकारच्या आरक्षण संकेतस्थळावर भेटीच्या सुमारे चौदा दिवस आधी खुली होतात. जून-जुलैतील तिकिटे लवकर संपतात, म्हणून तारीख ठरताच तिकिटे कधी खुली होतील ते पाहून त्या दिवशी सकाळी संकेतस्थळावर तयार राहावे, आणि तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवावे, कारण उद्यानात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. स्प्रूस ट्री हाउस हे सर्वांत चांगल्या स्थितीतील घर, पण वरच्या छज्ज्याचे दगड सुटू लागल्याने २०१५ पासून ते आतून बंद आहे आणि संग्रहालयाजवळून केवळ दुरून पाहता येते. डागडुजीमुळे इतरही वस्त्या किंवा रस्ते अधूनमधून बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या आठवड्याची स्थिती पाहावी.

अंतराचा अंदाज हमखास चुकतो. उद्यानाचे प्रवेशद्वार गाठले म्हणजे पोहोचलो असे होत नाही, कारण तिथून क्लिफ पॅलेसपर्यंत वळणावळणाच्या चढत्या रस्त्याने पाऊण ते एक तास लागतो, आणि फेरीची वेळ चुकली तर तिकीट वाया जाते. मुक्काम कॉर्टेझ किंवा मँकोस या जवळच्या गावांत करणे सोयीचे, ड्युरँगो थोडे लांब आहे. पठाराची उंची सुमारे सात ते साडेआठ हजार फूट, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही पुष्कळ अधिक, आणि हवा अत्यंत कोरडी असल्याने समुद्रसपाटीवरून थेट आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी धाप लागणे स्वाभाविक आहे. शक्य असल्यास आदल्या रात्री त्या परिसरात मुक्काम करावा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे, आणि हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच शिड्यांच्या फेऱ्यांचा विचार करावा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, त्यामुळे सकाळची फेरी नेहमीच श्रेयस्कर.

क्लिफ पॅलेसच्या फेरीत ओबडधोबड दगडी पायऱ्या आणि आठ-दहा फुटी शिड्या आहेत, आणि चालण्याची सवय असलेल्या साठी-पासष्टीच्या माणसाला त्या सहसा जमतात. बाल्कनी हाउसची गोष्ट वेगळी आहे. तिथे बत्तीस फुटी शिडी चढून जावे लागते, बाहेर पडताना सुमारे अठरा इंच रुंद आणि बारा फूट लांब बोगद्यातून हातापायांवर रांगावे लागते, आणि शेवटी उघड्या कड्यावरून शिड्यांनी वर यावे लागते. ज्यांना उंचीची किंवा अरुंद जागेची भीती वाटते त्यांनी संकोच न करता वरच थांबावे. साडी किंवा लांब ओढणी शिडीत अडकते, म्हणून सलवार अथवा पँट आणि घट्ट पकडीचे बूट हाच योग्य वेश. तान्ह्या मुलाला हातात धरून शिडी चढता येत नाही, पाठीला बांधायची झोळी हवी. कुटुंबातील सर्वांनी एकाच फेरीला जाण्याचा आग्रह धरू नये. ज्येष्ठांनी समोरच्या बाजूच्या निरीक्षणस्थळावरून दुर्बिणीने तीच वस्ती पाहावी, तिथून पूर्ण कपारीचा जो घाट दिसतो तो आत गेलेल्यांनाही दिसत नाही.

किंबहुना सर्वांनीच दुरून आरंभ करावा हा पाहण्याचा उत्तम क्रम होय. मेसा टॉप लूप या सुमारे सहा मैलांच्या मोटाररस्त्यावर प्रथम सातव्या शतकातील खड्ड्यांतील घरांचे उत्खनन, मग पठारावरील दगडी गावांचे अवशेष आणि शेवटी दरीपलीकडच्या कपारी असा सातशे वर्षांचा क्रम ओळीने लागतो. त्या रस्त्यावरील सन पॉइंट या जागेवरून एकाच वेळी सुमारे डझनभर कपारी-वस्त्या दिसतात, त्यांतील पुष्कळशा एक ते पाच खोल्यांच्याच असतात, आणि क्लिफ पॅलेस हा नियम नसून अपवाद होता हे तिथेच समजते. सुमारे दीडशे खोल्या आणि ‘किवा’ म्हटल्या जाणाऱ्या वीसहून अधिक गोल खोल्या असलेल्या त्या वस्तीत जेमतेम शंभर माणसे राहत असावीत, आणि खोल्यांच्या मानाने किवांची संख्या मोठी असल्यामुळे आसपासच्या वस्त्यांना एकत्र आणणारे ते स्थान असावे असे अभ्यासकांना वाटते.

किवा म्हणजे जमिनीखाली बांधलेली गोल खोली. धार्मिक विधी, बैठका आणि हिवाळ्यातील उबदार वावर यांसाठी ती वापरली जाई. कपारीत किवांची छपरे हीच वरच्या अंगणाची जमीन असे, आणि छपरातील चौकोनी तोंडातून शिडीने खाली उतरावे लागे. आज छपरे बहुतेक ठिकाणी गेली असल्याने आतली रचना वरून स्पष्ट दिसते. भिंतीलगत दगडी कट्टा, छपराचा भार घेणारे सहा आखूड खांब, मध्यभागी चूल, आणि चुलीच्या व बाजूच्या हवेच्या भोकाच्या मध्ये उभा केलेला एक लहानसा दगडी आडोसा आढळतो. चुलीची ऊब आणि धूर वरच्या तोंडातून बाहेर पडू लागला की त्या भोकातून ताजी हवा आत ओढली जाई आणि आडोशाला आपटून खोलीभर पसरे, त्यामुळे विस्तव विझत नसे आणि बसणाऱ्यांचा जीवही गुदमरत नसे. चुलीपलीकडे जमिनीत एक छोटे छिद्र दिसते, त्याला सिपापू म्हणतात. माणसे खालच्या जगातून या जगात जिथून वर आली त्या स्थानाचे ते प्रतीक आहे, म्हणून त्याकडे बोट दाखवून हसणे किंवा त्यात नाणे टाकणे हा अपमान ठरतो.

भिंतींपाशी उभे असताना घाई करू नये. दगडांच्या मधल्या मातीच्या लिंपणात काही ठिकाणी बांधणाऱ्यांच्या बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले आहेत आणि सांध्यांत बारीक कपच्या ठोकून बसवलेल्या आहेत. छताच्या खडकावरील काजळी तिथल्या चुलींची आहे. लहान दारे थंडी अडवत आणि एका दगडी फळीने बंद करता येत. वरच्या कपाटासारख्या अरुंद जागांत धान्य साठवत. वस्तीच्या पुढचा उतार म्हणजे त्या लोकांचा उकिरडा, आणि पुरातत्त्वज्ञांना खापरे, हाडे, कणसांची बुरखुंडे यांतून रोजच्या जगण्याचा जो वृत्तांत मिळाला तो मुख्यतः त्याच उतारातून. भिंती पूर्णतः मूळच्या नाहीत हेही ध्यानात असावे. जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १९०९ मध्ये क्लिफ पॅलेसचे उत्खनन व डागडुजी केली आणि त्यानंतरही दुरुस्त्या होत आल्या आहेत. कोणता भाग जुना आणि कोणता सावरलेला असे रेंजरला विचारावे, हा प्रश्न त्यांना आवडतो आणि उत्तरातून पुष्कळ शिकायला मिळते.

वागणुकीचे नियम कडक वाटतात, पण त्यांमागे नुकसानीचा दीर्घ इतिहास आहे. युट या मूळनिवासी लोकांना ठाऊक असलेली ही घरे १८८८ च्या डिसेंबरात वेदरिल कुटुंबातील गुराख्यांनी पाहिली, आणि त्यानंतर वस्तू उकरून विकण्याची लाट आली. १८९१ मध्ये स्वीडिश-फिनिश तरुण संशोधक गुस्ताफ नॉर्डेन्शॉल्ड यांनी उत्खनन करून मोठा संग्रह युरोपात नेला. त्यांना अडवण्याचा प्रयत्न झाला, परंतु तसा कायदाच तेव्हा नव्हता. पुढे १९०६ च्या जूनमध्ये पुरावस्तू संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात मेसा व्हर्दे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. नॉर्डेन्शॉल्ड यांनी नेलेला संग्रह फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात होता, आणि त्यातील मानवी अवशेष व दफनवस्तू २०२० मध्ये वंशज समाजांना परत मिळून पुन्हा मातीत ठेवल्या गेल्या. सव्वाशे वर्षांनी का होईना, हे झाले ही समाधानाची गोष्ट आहे. आजच्या पर्यटकाने खापराचा एक तुकडा खिशात टाकला तरी तो केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. सापडलेली खापरे गोळा करून एखाद्या दगडावर मांडून ठेवणेही टाळावे, कारण ती कुठे पडली होती हीच त्यांची खरी माहिती असते आणि जागेवरून हलताच ती पुसली जाते.

भिंतींना टेकणे, त्यांवर बसणे, लिंपणाला हात लावणे वर्ज्य आहे, कारण हाताचे तेल आणि घाम मातीच्या लिंपणात मुरतो. भिंतीवर नाव कोरण्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथने १८१९ मध्ये खरडलेले नाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना एका ओरखड्याचे आयुष्य किती असते हे ठाऊक आहे. वस्त्यांत पाण्याखेरीज काही खाऊ-पिऊ नये, सांडलेल्या कणांमागे उंदीर-खारी येतात आणि भिंतींच्या पायाखाली बिळे करतात. उंदरांच्या विष्ठेतून हंताव्हायरसमुळे होणारा फुप्फुसांचा गंभीर आजार पसरू शकतो आणि तो १९९३ मध्ये याच चार राज्यांच्या प्रदेशात प्रथम ओळखला गेला, म्हणून बंद, धुळकट कोपऱ्यांत शिरू नये. वाट सोडून चालल्याने जमिनीवरची सूक्ष्मजीवांची काळसर साय तुटते आणि ती भरून येण्यास वर्षानुवर्षे लागतात.

ॲरिझोनातील कॅन्यन डी शे इथे, ज्या नावाचा उच्चार नकाशावरील अक्षरांवरून कळत नाही, आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ही दरी नावाहो राष्ट्राच्या, म्हणजे नावाहो या मूळनिवासी समाजाच्या स्वायत्त प्रदेशाच्या, भूमीवर असून तिच्यात नावाहो कुटुंबे आजही शेती करतात. वरच्या कडांवरील रस्ते सर्वांना मोकळे आहेत आणि तिथून कपारीतील व्हाइट हाउस ही वस्ती दिसते, पण खाली उतरायचे तर नावाहो वाटाड्या सोबत हवा. माणसांचे, घरांचे किंवा गुरांचे छायाचित्र परवानगीखेरीज घेऊ नये. वेळेचा गोंधळही इथेच होतो. उन्हाळ्यात नावाहो राष्ट्र घड्याळ एक तास पुढे करते आणि उरलेले ॲरिझोना राज्य करत नाही, त्यामुळे फ्लॅगस्टाफहून निघालेल्याची वाटाड्याशी ठरलेली वेळ चुकते. वेळ ठरवताना ‘नावाहो वेळेप्रमाणे’ असा शब्द घेऊनच निघावे.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी तो दुसरे अवशेष पाहण्यात न घालवता एखाद्या जिवंत प्वेब्लो गावासाठी द्यावा. न्यू मेक्सिकोतील ताओस आणि उंच खडकावर वसलेले ॲकोमा ही गावे पाहुण्यांसाठी खुली असतात, मात्र विधींच्या काळात ती बंद ठेवली जातात, म्हणून आधी चौकशी करावी. छायाचित्रणाचे नियम गावागणिक वेगळे आहेत आणि होपींच्या गावांत तर छायाचित्र, चित्ररेखाटन आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींना मनाई आहे. सणाचे नृत्य पाहायला मिळाले तर ती प्रार्थना आहे हे ओळखून शांत उभे राहावे, टाळ्या वाजवू नयेत आणि विधींचा अर्थ विचारून कोणाला अडचणीत आणू नये. मडके घ्यायचे असेल तर ते घडवणाऱ्याच्या हातूनच घ्यावे आणि माती कुठली, रंग कशाचा हे जरूर विचारावे, त्याबद्दल कुंभार मोकळेपणाने बोलतात. गावातील किवांत बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो, म्हणून त्यांच्या तोंडाशी लावलेल्या शिडीवर चढू नये आणि मुलांनाही चढू देऊ नये.